धक्क्यावरची ताठ वायर

वायर सरळ असावी, या गोष्टीवर त्या काळी माझी जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावरही नव्हती. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकायची तर ओळंबा लावून. क्लिपा मारायच्या तर सारख्या अंतरावर, आणि वायर अशी ओढून बसवायची की तिच्यावरून नजर घसरत जावी. डहाणूच्या घराघरांत वीज नुकतीच शिरत होती. नवं राज्य झालं त्याच्या आसपासची ही गोष्ट. चिकूच्या वाडीत विहिरीवर मोटर बसवायची असो की कुणाच्या ओटीवर पहिला दिवा लावायचा असो, लोक मला बोलवायचे आणि काम झालं की वायरीकडे बघून माना डोलवायचे. मी चेहरा मख्ख ठेवायचो आणि आतून फुगून जायचो.

फुगायला कारणही होतं. तलासरीच्या पलीकडे डोंगराकडच्या गावात आमची भात-नागलीची शेती. आमच्या घरात नांगर सोडून दुसरं हत्यार कुणी हातात धरलेलं नव्हतं. मी मुंबईला एका कंत्राटदाराकडे तीन वर्षं राबलो, परीक्षा दिली आणि वायरमनचा परवाना घेऊन आलो. गावात तेव्हा वीज नव्हती. तरी वडलांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, कपाळाला लावला आणि तांदळाच्या कणगीमागे नीट जपून ठेवायला निघाले. तो मला डहाणूला लागणार आहे हे त्यांना पटवता पटवता माझी एसटी चुकली. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती.

समुद्र मात्र मला येत नव्हता. डोंगरातल्या माणसाला पाणी माहीत असतं ते खाली जाणारं. ओढा खाली जातो, नदी खाली जाते. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा उलटं वर चढतं आणि दोनदा उतरतं, हे मी रोज बघत होतो, पण त्याचं कधी काही मनावर घेतलं नाही. बंदरावरच्या लोकांशी माझं फारसं जमतही नसे. त्यांच्या हातात वायर दिली की ते तिची दोरी करायचे. तिला गाठी मारायचे, खुंट्याला दोन वेढे द्यायचे, उरलेली गोल गुंडाळून कोपऱ्यात टाकायचे. वायर लोंबती दिसली की माझं डोकं फिरायचं. एकदा एकाच्या घरी मी सरळ बसवलेली वायर त्याने मधेच सोडवून तिच्यावर जाळं वाळत घातलं होतं. त्या माणसाशी मी महिनाभर बोललो नाही.

अशा माझ्याकडे माघ महिन्यात एक तांडेल आला. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. हा तर बोटीचा मालकही होता. पन्नाशीचा, अंगाने काटक, बोलायला सावकाश. त्याच्या बोटीला दोनच वर्षांपूर्वी इंजिन बसलं होतं. आता मागच्या बाजूची एक फळी सैल होऊन बोटीत पाणी येत होतं. खरं तर बोट काठावर ओढून घेतली की काम झालं असतं. पण इंजिनामुळे ती जड झालेली. तिला ओढायची तर पाणी पार वर, उतारापर्यंत यायला हवं, आणि तसं पाणी येतं ते पुनवेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाला. त्या दिवशी होती अष्टमी. अष्टमीला भरती लंगडी असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हणजे पुनवेपर्यंत सहा-सात दिवस बोट धक्क्याशी तरंगत ठेवायची आणि आत येणारं पाणी सतत बाहेर काढायचं.

"दोन दिस आमी डब्यानं उपसलं," तो म्हणाला. "आता हात उचलत नाय. बर्फवाले शेठ वीज देतो बोलले. पंप पन देतात. तू फकस्त वायर बोटीत आनून दे, भाऊ."

धक्क्याला लागूनच एक बर्फाचा कारखाना होता. तिथून खांबावरून बोटीपर्यंत लाइन न्यायची, एवढंच काम. मी बोटीवर लाइन कधी दिली नव्हती, पण विहिरीवर डझनभर दिल्या होत्या. विहीर काय नि बोट काय, पाणी ते पाणी, असं मला वाटलं.

मी भर दुपारी गेलो. तेव्हा पूर्ण ओहोटी होती, आणि ती मुद्दाम गाठून गेलो होतो, हे सांगायला हवं. बोट भरतीला वर येते आणि ओहोटीला खाली जाते इतकं मला कळत होतं. म्हणून बोट सगळ्यांत खाली असताना माप घ्यायचं, वर एक हातभर जास्त धरायचं आणि विषय संपवायचा, असा माझा हिशोब. मी टेप लावली, माप घेतलं, कागदावर लिहिलं. लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि तिसरी अर्थिंगची. तिन्ही मी सुतळीने एकत्र बांधल्या आणि खांबावरून बोटीतल्या पंपापर्यंत अशा ताठ आणल्या की धक्क्यावरचे चार लोक बघायला थांबले.

तांडेल वाकून बघत होता. त्याने वायरीला बोट लावून जरा हलवलं.

"ढील सोड," तो म्हणाला.

"ठेवलीय की हातभर."

"हातभर नाय. चार-पाच हात ठेव. उधान येतंय."

"काका, आत्ता ओहोटी आहे ना? बोट याच्या खाली जाणार आहे का कुठे?"

"आजची ओहोटी हाय ही. ही अष्टमीची. रोज खाली खाली जाईल. पुनवेला तर पार तळ दिसंल."

मला त्याचं म्हणणं कळलं नाही असं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. इतक्या लोकांसमोर लोंबती वायर लावायची, तीही दोरीचं माप सांगणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून, हे माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "काका, ही दोरी नाही. हिच्यातून करंट जातो. लोंबती ठेवली तर पाण्यात जाईल, आणि पाण्यात गेली तर माणूस मरेल." हे खोटंही नव्हतं, म्हणूनच माझ्या अंगात जास्त जोर आला.

त्याने खांबापासून बोटीपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "मंग वर एक दोरी बांधून देतो. वजन दोरीवर, वायर दोरीला नुसती लोंबकळंल. पान्याला लागनार नाय."

आज कुठल्याही शिकाऊ माणसाने बोटीला लाइन कशी द्यायची हे विचारलं तर मी हेच सांगेन. त्या दिवशी मी म्हटलं, "मला माझं काम करू द्या." आणि वायर बोटीतल्या एका खुंट्याला माझ्या पद्धतीने सुतळीने बांधली. तांडेलाने हात मागे घेतले आणि तो काठावर जाऊन बसला. वीजवाल्याला विजेतलं जास्त कळतं असा त्याने विचार केला असणार. चूक त्याची एवढीच.

आणखी एक गोष्ट मी केली, ती त्याला दिसली नाही आणि दिसली असती तरी कळली नसती. पंपाच्या पेटीत तिन्ही वायरींची टोकं जोडताना अर्थिंगचा स्क्रू सगळ्यांत जवळ येत होता. म्हणून ती वायर मी सगळ्यांत आखूड कापली. जास्तीचं वेटोळं पेटीत कशाला, बघायला वाईट दिसतं.

तांडेलाच्या बायकोचं आता सांगतो. ती चाळिशी ओलांडलेली, उंच, खणखणीत आवाजाची. बोट धक्क्याला लागली की मासळीची पहिली टोपली तिच्या हातात यायची आणि बाजारात तिचा भाव ठरला की बाकीच्या बायकांचा ठरायचा. मला ती भाऊ म्हणायची, आणि माझी कपडे धुण्याची पद्धत, माझं एकट्याचं जेवण आणि माझं पोहता न येणं यावरून भरपूर चेष्टा करायची. त्या वस्तीत तेव्हा एक रीत होती. बाईने मासेमारीच्या बोटीवर चढायचं नाही. बोट घरची, तिची पूजा बाईने करायची, नारळी पुनवेला नाळेला म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला कुंकू घरच्या बाईनेच लावायचं. पण ते काठावर उभं राहून. आत पाय टाकायचा नाही. तिने जन्मात कधी टाकला नव्हता.

त्रयोदशीच्या दिवशी तांडेल सुताराला ठरवायला नरपडला गेला. बोटीवरचे बाकी लोक ओढायच्या दिवसासाठी ओंडके जमवायला गेले होते. बायकोला तो सांगून गेला की पंपावर लक्ष ठेव, बंद पडला तर बर्फवाल्यांना हाक मार. ती धक्क्यावर मासळी निवडत बसली. दुपारभर पाणी उतरत होतं, आणि त्या दिवशी ते अष्टमीपेक्षा कितीतरी खाली उतरलं. बोट खाली गेली, वायर ताणली, माझी सुतळी खुंट्यावरून सरकली आणि सगळा ताण पेटीतल्या स्क्रूंवर आला. सगळ्यांत आखूड होती ती आधी निसटली. ती अर्थिंगची होती. मग काळी निसटली आणि पंप बंद पडला. करंट आणणारी लाल मात्र जागेवर राहिली.

ज्याला विजेचं काही माहीत नाही त्याच्यासाठी एवढंच सांगतो. पाच दिवस खाऱ्या हवेत राहून त्या मोटरने आत ओल धरली होती. ओल धरलेल्या मोटरच्या लोखंडी अंगात करंट उतरतो, तेव्हा तो जमिनीत न्यायला अर्थिंग असतं. तेच निघालं. पंप गप्प झाला होता, पण त्याचं अंग जिवंत होतं. चालू मशीनला माणूस हात लावताना दहादा विचार करतो, बंद मशीनला करत नाही.

तिने हाक मारली. कारखान्यात बर्फ फोडायचं काम चाललेलं, कुणाला ऐकू गेली नाही. बोटीत पाणी चढताना तिला वरून दिसत होतं. अजून अर्धा हात चढलं असतं तर इंजिन पाण्यात गेलं असतं. तिने दोनदा हाक मारली, आजूबाजूला पाहिलं, आणि मग लुगडं खोचून ती बोटीत उतरली. आधी डब्याने उपसायला लागली. मग तिला वाटलं पंपाच्या तोंडाशी काही कचरा अडकला असेल. एका हाताने इंजिनाला धरून ती वाकली आणि दुसरा हात तिने पंपावर ठेवला.

कारखान्यातला एक माणूस घामाचं तोंड धुवायला बाहेर आला म्हणून ती वाचली. त्याला ती पंपाशी वाकलेली दिसली आणि हलत नव्हती. तो शहाणा, तिला धरायला धावला नाही, मागे फिरून त्याने मेन स्विच पाडला.

मला निरोप मिळाला तेव्हा मी मसोलीत कुणाच्या तरी माळ्यावर होतो. सायकल मारत गेलो. तोवर तिला डॉक्टरांकडे नेलेलं होतं, आणि लोक डबे घेऊन बोट उपसत होते. मी बोटीत उतरलो. पेटी उघडली तर अर्थिंगचं टोक बाहेर, स्वच्छ, माझ्याच पकडीने छाटलेलं. ते मी पाहिलं आणि मला सगळं एका क्षणात कळलं. मग मी काय केलं तर तिन्ही वायरी सोडवल्या, गुंडाळल्या, पिशवीत घातल्या आणि कुणी नीट बघायच्या आत सायकलला लावल्या. माणूस जगतोय की नाही हे विचारायच्या आधी मी हे केलं. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि लिहितानाही मला लाज वाटते आहे.

तांडेल संध्याकाळी परतला. त्याने मला एकच विचारलं, "काय झालं, भाऊ?"

"समुद्राची हवा," मी म्हटलं. "मोटरला ओल लागली."

हेही खोटं नव्हतं. त्या काळात मला खोटं न बोलता खोटं वागणं फार छान जमायला लागलं होतं.

ती जगली. उजव्या तळव्याला भाजलं होतं, ते भरलं. पण शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच. पुनवेला भर दुपारच्या भरतीत बोट वर ओढली गेली, सुताराने फळी बदलली, आणि बोट पाण्यात जायच्या आधी तांडेलाने तिला नारळ फोडला, आख्खी बोट खाडीच्या पाण्याने धुवून घेतली. ते धुणं कशासाठी हे मला दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर कळलं. बाई बोटीत चढली म्हणून बोटीने फटका दिला, असं सगळा पाडा म्हणत होता. कुणी रागाने म्हणत नव्हतं. पाऊस पडला म्हणून ओलं झालं असं म्हणावं तसं म्हणत होते.

मी चहा पिऊन निघून आलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला परवाना दिसत होता. तक्रार गेली की चौकशी, चौकशी झाली की कागद जप्त, आणि मग मी गावी जाऊन वडलांना काय सांगणार. स्वतःला समजावायला मी बरीच कारणं शोधली. ती जगली आहे ना. बोटही सुखरूप आहे. बायका असं काही मनाला लावून घेत नाहीत. हे शेवटचं कारण मला कुठून सुचलं कोण जाणे, मला एकाही बाईच्या मनातलं काही माहीत नव्हतं.

बंदरावर मात्र जाणं व्हायचंच, आणि मग जे दिसायचं ते दिसायचं. बोट लागली की ती आता धक्क्यापर्यंत येत नसे. मागे, सुकी मासळी घालायच्या ओट्यांपाशी थांबायची. पहिली टोपली तांडेलाची भावजय घ्यायची. तिच्या वाट्याला राहिलेलं यायचं, ते ती डाव्या हाताने निवडायची. आवाज तोच होता, पण तो फार कमी ऐकू यायचा. तिला कुणी थांबवलं होतं असंही नाही. तीच पुढे होत नव्हती. एकदा मी जवळून जाताना तिने हटकलं, म्हणाली, "भाऊ, तुजी वायर तर चांगली व्हती. माजाच पाय वाईट लागला." असं म्हणून ती माझीच समजूत काढत होती, कारण मी त्या अपघातानंतर वाळत चाललोय असं तिला वाटलं होतं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि तरीसुद्धा मी आणखी साडेतीन महिने गप्प राहिलो.

श्रावणात, नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी तांडेलाने मला बोलावलं. पावसाळाभर बोट वर ओढलेली होती, ती आता रंगवून पाण्यात उतरवली होती. डोलकाठीवर दिवा घेतला होता आणि त्याची बॅटरी धक्क्यावरूनच चार्ज करायची होती. पुन्हा कारखान्यातून लाइन. मी पिशवी घेऊन गेलो. बायका उद्याच्या पूजेची तयारी करत होत्या, आणि उद्या नाळेला कुंकू भावजय लावणार असं त्यांचं चाललं होतं. ती ओट्यापाशी एकटी जाळ्याचं एक टोक मांडीवर घेऊन बसली होती. बोलणं तिला ऐकू जात होतं. तिने मान वर केली नाही.

मी काम तसंच टाकून तिच्याकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. समोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "काकी, तुमच्या पायाने काही झालं नाही. माझी वायर आखूड पडली. काकांनी सांगितलं होतं ढील सोड, मी सोडली नाही. आणि जी सगळ्यांत लांब ठेवायची ती मी सगळ्यांत आखूड कापली. ती असती तर तुम्हाला काही झालं नसतं."

तिने हातातली सुई थांबवली.

"हे तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिशी," ती म्हणाली. मग तिने सुई जाळ्यात खोवून ठेवली. मला वाटलं ती रडेल, किंवा हातातलं काहीतरी फेकून मारेल. तिने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मी रोज इचार करत व्हते," ती शेवटी म्हणाली. "मी उतरले नसते तर काय झालं असतं. इंजिन बुडालं असतं तर बुडालं असतं. कशाला गेले मी. सहा महिने रोज." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी आजही उभा राहू शकणार नाही. "मला कशाला सांगतंस? मी काय केलं ते मला म्हाईत हाय. जा. त्यांना सांग."

या वेळी तिने भाऊ म्हटलं नाही. पुढेही कधी म्हटलं नाही.

मी धक्क्यावर गेलो. सात-आठ माणसं होती, तांडेल बोटीत होता. मी उभा राहून सगळं सांगितलं, अर्थिंगचं सांगितलं, वायरी गुपचूप गुंडाळून नेल्या तेही सांगितलं. आता हे मला खाडीत ढकलणार अशी माझी खात्री होती.

"किती कमी पडली?" तांडेलाने विचारलं.

"दीड-दोन हात."

"मी चार-पाच बोललेलो."

"हो, काका."

"मंग?"

"मी ऐकलं नाही."

त्याने मान हलवली. एक म्हातारा म्हणाला की त्याच्या तरुणपणी एका नवख्याने उधाणात बोट अशीच आखूड दोरीने बांधली होती, ती ओहोटीला धक्क्यालाच लटकली. दोघं हसले. मग कुणीतरी पताकांची दोरी मागितली आणि ते कामाला लागले. परवाना कुणी काढून घेतला नाही, मारलंही नाही. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी तिथे पिशवी धरून उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की ही पाच मिनिटं वाचवायला मी तिचे सहा महिने घेतले होते.

मग तांडेल बोटीतून वर आला आणि ओट्याकडे चालत गेला. तो तिच्याशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर तो म्हणाला, "लाइन दे. दोरी मी बांधतो." त्याने खांबापासून डोलकाठीपर्यंत सैल दोरी बांधली, वायर तिला सैल वेटोळ्यांनी लोंबकळवली, आणि मी अर्थिंगची वायर बाकी दोन्हींपेक्षा हातभर लांब ठेवली. दिसायला ते काम अगदी गबाळं दिसत होतं. आयुष्यभर मी ते तसंच करत आलो.

दुसऱ्या दिवशी मी पूजेला जाणार नव्हतो, पण गेलो. उतारावर बोट पताका लावून उभी होती, बायका नवी लुगडी नेसून काठावर आल्या होत्या. भावजयीने ताट तिच्या हातात दिलं. ती पुढे झाली, पाण्यात घोट्याइतकी उभी राहिली आणि सवयीने तिने उजवा हात कुंकवाकडे नेला.

कुंकू करंगळीशेजारच्या बोटाने लावतात. ते तिचं वळलेलं होतं. तिने ते उघडायचा प्रयत्न केला, ते उघडलं नाही. एक बाई मागून हळूच म्हणाली की दुसऱ्या बोटाने लाव, चालतंय. तिने ऐकलं नाही. ताट भावजयीकडे दिलं, डाव्या हाताने ते बोट धरलं आणि सरळ करायला लागली. तिचा चेहरा दुखण्याने आवळला होता. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही. मग बोट तसंच डाव्या हाताने धरून तिने कुंकवात बुडवलं आणि नाळेला टेकवलं. टिळा वाकडा उमटला, तिने तो पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला.